पंचमीचं संमतिपत्र

"तो कागद आमच्या दादाने लिहिलेला नाही," एवढंच बोलून श्रीरामकाकांनी फोन ठेवला.

देवश्री करमरकर उत्तरेतल्या एका विद्यापीठात सहायक कुलसचिव. ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या फायली तिच्या टेबलावर येत. वाचून काहीच वाटू नये, इतकी आता सवय झाली होती. हीदेखील तिने तशीच उघडली.

श्रीरामकाकांचे दादा म्हणजे विश्वेश्वरशास्त्री. रामघाटावर राहत, विद्यापीठात न्यायशास्त्र शिकवत. दिवाळीनंतर ते गेले. त्यांची चाळीस व्याख्यानं चित्रित झालेली होती आणि अकराशे विद्यार्थी ती ऐकत होते. शिक्षक हयात नसला तरी अभ्यासक्रम पुन्हा चालवता येतो, फक्त त्याची लेखी संमती हवी. संमती असेल तर दिल्लीहून अनुदान येतं, त्यातूनच ऑनलाइन केंद्राचे पगार होतात. नसेल तर अभ्यासक्रमाला टाळं.

संमती फायलीत होती. टाइप केलेली, हिंदीत, खाली थरथरती सही. वर तारीख: भाद्रपद कृष्ण पंचमी, १२ सितंबर. शास्त्रीबुवा तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. काकांचं म्हणणं असं की दादाने शेवटपर्यंत नाहीच म्हटलं.

फाइल आणून दिली ती कालिंदीने. शास्त्रीबुवांची मुलगी, या अभ्यासक्रमाचं संगणकाचं काम बघणारी, कंत्राटी. कागद टपालातून आला, असं तिने सांगितलं. देवश्री वडिलांबद्दल दोन शब्द बोलली, तेव्हा ती फक्त "जी" म्हणाली. चेहऱ्यावर काही नव्हतं.

संशयाला माणूस आयता होता. केंद्राचे संचालक मोहन चौबे. अनुदान गेलं तर त्यांची खुर्चीच जाणार होती. देवश्रीने त्यांना बोलावलं. त्यांनीही टपालाचंच सांगितलं, आणि घाम पुसला.

"चौबेजी, वडिलांचं श्राद्ध कधी करता?"

ते गोंधळले. "पितृपक्ष में. आश्विन कृष्ण नवमी."

ते गेल्यावर तिने शास्त्रीबुवांचा जुना पत्रव्यवहार मागवला. मजकूर सोडून नुसत्या तारखा वाचल्या. मग चौबे आणि कालिंदी दोघांना एकत्र बोलावलं.

"हा कागद चौबेजींचा नाही," ती म्हणाली. "आपला मराठी महिना अमावास्येला संपतो, इथला पौर्णिमेला. पितृपक्ष आपल्याकडे भाद्रपदात, यांच्याकडे आश्विनात. दिवस तोच, नाव वेगळं. बारा सप्टेंबरला चौबेजींचा भाद्रपद संपलेला होता. त्यांनी खोटं पत्र केलं असतं तर आश्विन लिहिलं असतं. हा कागद मराठी घरातला आहे."

"मग बाबांनीच लिहिला असेल," कालिंदी म्हणाली.

"घरी ते भाद्रपदच म्हणत असतील. पण कार्यालयाला लिहिताना इथल्या रिवाजाने चालत. पितृपक्षातली त्यांची चार पत्रं मिळाली. चारींवर आश्विन आहे. हे माहीत नसलेलं तुमच्या घरात कोण? काकांनी तर तक्रार केली."

कालिंदीने मान हलवली, जणू हजेरी देत होती.

"झूठ नाही बोलणार, ताई. बँकेच्या कागदांवर त्यांची सही मीच करायची. हात चालत नव्हता त्यांचा. यासाठी दोनदा विचारलं, त्यांनी मना केलं. म्हणाले, शंका विचारणाऱ्याला उत्तर द्यायला मी नसेन, तर ते शिकवणं नव्हे. तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही."

"नोकरीसाठी?"

"नोकरीसाठी पण. ते गेल्यापासून मला रडूच येत नाही. काहीच वाटत नाही. व्याख्यान लावलं की शेवटी ते म्हणतात, समझ में आया? नहीं तो फिर पूछो. मी विचारते."

देवश्रीला वाईट वाटलं, आणि इतक्या दिवसांनी वाईट वाटल्याचं नवल वाटलं. तरी अहवाल लिहायचाच होता. संमती अवैध, अभ्यासक्रम बंद. खाली बनावट पत्र करणारीचं नाव तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं.

"व्याख्यानं कधी काढणार?" कालिंदीने विचारलं.

"आज पाचला."

कालिंदीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून गेले होते.

"म्हणजे चार व्याख्यानं ऐकून होतील," ती म्हणाली, आणि आपल्या जागेवर जाऊन तिने इअरफोन कानात घातले.