सातवी लाइन

माझं काम काय, हे सांगायला लागले की लोक जांभई आवरतात. यंत्राच्या बोर्डावर वीज वाटणारी एक चिप असते. बॅटरीतून येणाऱ्या विजेच्या ती वेगवेगळ्या लाइन करते: एक मेमरीला, एक पडद्याला, एक स्पीकरला. पण सगळा कारभार हाकणारा कर्नल, म्हणजे यंत्रातला मूळ प्रोग्राम, आंधळा. चिपवर किती लाइन आहेत, कुठली कोणाची, हे त्याला फाइलमध्ये लिहून सांगावं लागतं. ते मी लिहिते. जी लाइन कोणीच घेत नाही, ती तो थोड्याच वेळात बंद करतो. वीज उगाच जाळायची नाही, हा त्याचा शिरस्ता.

बाबांचं हृदय थकल्यापासून मी घरूनच काम करत होते. बाहेरच्या खोलीत त्यांचा पलंग, पायथ्याशी माझं टेबल, टेबलावर बोर्ड. डॉक्टरांनी मनाची तयारी ठेवायला सांगितलं होतं. तेव्हापासून आई घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती, आणि मला कसलीही तयारी करायची नव्हती.

नव्या बोर्डाची फाइल कोणी कोऱ्या पानावरून लिहीत नाही. जुनी उचलायची आणि बदलायची. मीही तेच केलं, आणि जुन्या चिपची सातवी लाइन पुसायला विसरले. नव्या चिपला सहाच. सातवीला बोर्डावर जागाच नव्हती. कर्नलने तक्रार करायला हवी होती. त्याने ती मुकाट्याने चालू केली आणि नंतर बंदही केली नाही. म्हणजे कोणीतरी ती घेत होतं.

आमच्या फाइली तपासणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात. त्यांना फोन केला तर ते हसले. नक्कल करायलाही अक्कल लागते, म्हणाले. फाइलमधून ती ओळ काढ आणि मोकळी हो.

काढण्याआधी मी पडद्यावर त्या लाइनमधून जाणाऱ्या विजेचा आकडा बघत बसले. तो सावकाश चढायचा, सावकाश उतरायचा, मध्येच अडखळायचा. बाबांना ढास लागली तेव्हा तो उसळला. मी स्वतःलाच वेड्यात काढलं. काळजीने पोखरलेल्या माणसाला काहीही दिसतं.

मी ओळ काढली आणि बोर्ड पुन्हा सुरू केला.

खोली शांत झाली. पंखा फिरत होता, आत नळ वाहत होता, तरी शांत. मी वळून बघितलं. बाबांचं तोंड उघडं होतं.

हाक मारायचंही सुचलं नाही. मी ओळ परत टाकली. आधी चुकलंच, मग नीट लिहून बोर्ड पुन्हा सुरू केला. पडद्यावर अक्षरं सरकत राहिली, सरकत राहिली.

बाबांनी खोल श्वास घेतला.

"लाइट गेली होती का गं?"

"नाही, बाबा."

"मग एवढा अंधार कसला?"

दुपार होती. उन्हाचा पट्टा त्यांच्या पांघरुणावर पडला होता.

मी मास्तरांना फोनवर सांगितलं, ओळ राहू द्या.

"अगं, पण घेतंय कोण ती लाइन?"

"आहे एक जण."

मास्तर म्हणाले, "मग 'कायम चालू' लिहून टाक. कर्नल तिला हात लावणार नाही."

मी लिहिलं आणि टेबलावर डोकं ठेवून रडले.

संध्याकाळी बाबा उशीला टेकून बसले. हूं म्हणतानाही दमणारा माणूस, साहेबांची छत्री चुकून घरी आणल्याचा जुना किस्सा सांगायला लागला. आई हात पुसत दाराशी आली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"बघ ना, जराही धाप लागत नाही त्यांना," ती म्हणाली.

खरंच लागत नव्हती. वाक्यामागून वाक्य, कुठे थांबणं नाही.

मी पडद्याकडे पाहिलं. आकडा एका जागी होता. चढत नव्हता, उतरत नव्हता.

मग मी पांघरुणाकडे पाहिलं.

बाबा बोलत होते. छाती हलत नव्हती.