अँब्युलन्सचं इंजिन

सांगणार नव्हतो. पण इरावती, माझी भाची, रोज डोकं खाते, "मामा, लिहून काढा." चौथी शिकलेला माणूस काय लिहिणार? घ्या.

इकडे उत्तरेत, लहरताऱ्याला माझं गॅरेज. जानेवारीतली दुपार, पण कोहरा, म्हणजे धुकं, असं की समोरची पानाची गुमटी दिसेना. विश्वजीत आला. बँकेत साहेब, मूळचा नागपूरचा. जुन्या विलायती स्पोर्ट्स कारची हुबेहूब नक्कल बनवत होता. दोनच सीटा, फायबरची बॉडी. बाकी सगळं तयार, इंजिन तेवढं निवडायचं होतं. मी दोन काढून ठेवली होती. एक जुन्या जीपचं, दुसरं भंगारातून आलेलं, अँब्युलन्सचं.

इंजिन मी कानाने निवडतो. लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, ब्लॉकवर टेकवायचा, मूठ कानाला. जीपचं खडखडत होतं, पण इमानदार. मग दुसरं लावलं. गोड चाललं. आणि त्या आवाजाच्या आत, खोल... दोन बारीक खोकले. तिसरा गिळलेला. नाकाला लवंगेचा वास.

बंद केलं. वाकून पाहिलं. खालच्या ऑईल चेंबरला वेल्डिंग होतं, माझ्याच हातचं. म्हणजे हे इंजिन ज्या अँब्युलन्सचं, ती व्हॅन मी कधीतरी दुरुस्त केली होती.

गंगा, माझी बायको, दम्याची. दाढेत कायम लवंग. तीन वर्षांपूर्वी तिला ह्याच व्हॅनमध्ये घातलं. मी एका टॅक्सीखाली निजून गिअरबॉक्स चढवत होतो. म्हटलं, "तू हो पुढे, मी आलोच." दवाखान्यात ती जिवंत पोचली नाही.

"हे नको," मी विश्वजीतला म्हणालो. "चेंबर फुटकं आहे."

तो वाकला. "वेल्डिंग आहे की, काका. कुणी केलंय?"

"मी."

"मग? आपल्याच कामावर भरोसा नाही?"

हे ऐकून घेणारा मी नव्हे. "तुझी बँक बुडेल, हे वेल्डिंग सुटणार नाही," म्हटलं, आणि त्याच तावात आठ दिवसांत तेच बसवून दिलं.

पहिल्या चकरेला तो एकटाच गेला. तसाच कोहरा होता. पाव तासात परत. इंजिन चालू, दार उघडं, हा भिंतीला टेकून उभा.

"काका... बाजूच्या सीटवर... कोणी बाई..."

"काय म्हणाली?"

"एकच. ते आले का... पुलापर्यंत तेच. ते आले का..."

गंगाबद्दल मी त्याला एक अक्षर बोललो नव्हतो.

जीपचं इंजिन घालून घेऊन गेला. हे माझ्याकडे राहिलं. रोज दुपारी लावतो, पेचकस कानाला लावून म्हणतो, "आलो गं." खोकत नाही आता. नुसतं चालतं.

काल चेंबर खोलून ऑईल काढलं. तेल गाळायच्या जाळीत एक लवंग अडकली होती. तेलात बुडालेली, तरी कोरडी. दातांची खूण ताजी.

इरावती म्हणते, "मामा, एकदा माफी मागून टाका." मी का म्हणून? गिअरबॉक्सचे चार बोल्ट राहिले होते. चारच. तेवढं थांबायला काय झालं होतं तिला? माफी मागायची तर तिने मागावी. गंगाने.