मोरेसाहेबांचं तोंड

कोळंबी संपली होती, म्हणून शिलाईवाली दुपारी मशीन झाकून शोभेच्या माशांच्या दुकानाकडे निघाली. घरात कोळंबी खाणारा एकच प्राणी होता, आणि त्यानेही अन्न सोडलं होतं. तरी ती नेमाने नवी आणायची, जुनी टाकायची.

मासा नवऱ्याने आणलेला. हातभर लांब, सापासारखा, पिवळट अंगावर तपकिरी ठिपके. ‘गोड्या पाण्यातला मोरे, वामाचीच एक जात’ असं दुकानदाराने सांगितलं, तेव्हा नवरा पोट धरून हसला होता, पण आवाजाशिवाय. घशाच्या आजारात त्याचा आवाज कायमचा गेला होता. "आडनावासकट आलाय," त्याने नुसते ओठ हलवून म्हटलं होतं, "मोरेसाहेब म्हणायचं याला." मग टाकीकडे बोट दाखवून, "माझीच जात. तोंड हलतं, आवाज नाही."

आजारपणभर तिने त्याचे ओठ वाचले. मशीनवरून मान वर करायची, वाचायची, पुन्हा टाके घालायची. तो गेला, पण ओठ वाचायची तिची सवय काही सुटली नाही.

"अगं वहिनी, देऊन टाक ते धूड," थोरली नणंद दर खेपेला म्हणायची. "आणि माझ्याकडे चल राहायला. साप पाळून कुणाचं दुःख हलकं झालंय?"

"साप नाही वन्सं, मासा आहे."

"दिसतो साप, वागतो साप!"

"ह्यांनी आणलाय. माझ्या घरात तो उपाशी मरणार नाही."

त्या दुपारी ती कोळंबी घेऊन परतली तर वीज गेलेली. टाकीतल्या पंपाची घरघर थांबली होती. खोलीत ओल्या शेवाळाचा वास कोंडला होता. पडद्याआडच्या अंधुक उजेडात मोरेसाहेब टाकीतल्या लपायच्या नळकांड्यातून डोकं काढून पडले होते. कातडीवर पांढुरकी झाक आली होती. तिने चिमट्यात कोळंबी धरून पुढे केली. त्यांनी हुंगलंसुद्धा नाही. तोंड मात्र उघडमीट, उघडमीट. हा मासा श्वासच तसा घेतो, हे तिला ठाऊक होतं.

ओठ मिटले. मग आडवे ताणले गेले, दात दिसले. पुन्हा मिटले. पुन्हा ताणले.

मीठ... मीठ...

 चिमटा हातातून पाण्यात पडला. पण ती पळाली नाही. चपला घालून तशीच दुकानात परत गेली.

"याला मीठ लागतं का हो?"

दुकानदाराने कान खाजवला. "गोड्या पाण्यातला म्हणून विकतात खरं. पण निव्वळ गोड्या पाण्यात हळूहळू खंगतो. मचूळ पाणी हवं. टाकीचं मीठ वेगळं मिळतं... तुम्हाला कुणी सांगितलं?"

"घरातल्यांनी," ती म्हणाली.

तिने मीठ थोडं थोडं विरघळवून घातलं, पाणी बदललं, तो निसटू नये म्हणून झाकणाच्या फटी बुजवल्या. कातडीवरची झाक ओसरली. आणि एके सकाळी मोरेसाहेबांनी चिमट्यातून कोळंबी अशी ओढली की तिचा हात काचेवर आपटला. ती रडली आणि हसलीही. मग काचेला कपाळ टेकवून हलक्या आवाजात म्हणाली, "अहो... तुम्हीच ना?"

तोंडाची उघडमीट थांबली.  मग ते अगदी सावकाश हललं.

नाही.

"मग... कोण?"

मोरेसाहेब नळकांड्यात मागे मागे सरकत दिसेनासे झाले.

तिने दिवसभर मशीन चालवली. संध्याकाळी पुन्हा चिमटा उचलला. कुणी का असेना, घरात घेतलंय तर सांभाळायचं, असं ती स्वतःला बजावत राहिली. त्या दिवसापासून मात्र ती त्या तोंडाकडे बघायचं टाळू लागली.

पुढच्या रविवारी नणंद आली. सगळं ऐकून तिने कपाळाला हात लावला. "श्वास घेतोय गं तो! थांब, मोबाईलवर घेते आणि तुलाच दाखवते. बस टाकीजवळ."

शिलाईवाली पडद्याची दुमड घालत होती. दातांत टाचण्या घट्ट धरलेल्या. तशीच ती काचेशी जाऊन बसली. नणंदेने चित्रण केलं आणि मोबाईल तिच्यापुढे धरला.

मोरेसाहेब दिसत होते. तोंड घट्ट मिटलेलं. त्यांच्या मागे काचेत शिलाईवालीचा चेहरा उमटला होता, आणि ओठ हलत होते.

"हे बघ! तूच पुटपुटत होतीस," नणंद म्हणाली. "काय म्हणत होतीस गं?"

शिलाईवालीच्या दातांत टाचण्या अजून तशाच होत्या. मोबाईलमध्ये काचेत दिसणाऱ्या तिच्या तोंडात एकही नव्हती. ते ओठ नणंदेकडे वळून, सावकाश, पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते. शिलाईवालीने वाचलं.

वन्सं... मला बाहेर काढा.