लिटरभर काकवी, किलोभर तूप

"पखवाजाच्या तोंडाला लावायला कणीक पाहिजे होती... थोडीशी."

राजेश्रीनं मान वर केली. सोनपेठजवळच्या त्या गावात हरिनाम सप्ताह ऐन रंगात आलेला. मंडपात टाळ खणखणत होते, अन् स्वयंपाकाच्या पालाखाली ती शंकरपाळ्यांच्या परातीपुढं डोळे भरून बसली होती. समोर पालमच्या भजनी मंडळाचा पखवाजी उभा. ज्याच्या थापेवर तिचं लाटणं सकाळपासून नकळत ताल धरत होतं, तोच हा!

"कणीक घ्या. शंकरपाळीला मात्र हात लावू नका... दात पडतील."

त्यानं तेवढ्यात एक तोंडात टाकलीच. कट्! गाल चोळत तो म्हणाला, "लय गोड हाय. करणारीचा राग तेवढा उतरलाय हिच्यात."

रडता रडता तिला हसू फुटलं, अन् सगळं सांगून बसली. काल्याचा प्रसाद दरवर्षी तिचे वडील बन्सीधर करायचे. यंदा त्यांचा हात मोडलेला, म्हणून हट्टानं झारा तिनं घेतला. पण हा नमुन्याचा घाणा काळा ठिक्कर! सप्ताहाचे प्रमुख तात्याराव बजावून गेले होते, "पोरी, अजून एक घाणा बघतो. बिघडला की परभणीहून आचारी बोलावतो."

"घातलं काय काय?"

"बाबांचंच प्रमाण. किलोभर काकवी, किलोभर तूप. घराघरातनं तांब्या-तांब्यानं आलेलं... ह्या लिटरच्या मापानं मोजून घेतलं."

"काट्यावर न्हाई?"

"लिटर काय, किलो काय, एकच की!"

"पाण्याचं एक असतंय. मी जीवन, दूध डेअरीत कामाला हाय... चला, तोलून बघू."

धान्याच्या काट्यावर रिकामं माप ठेवून त्यानं आकडा शून्यावर आणला. मापभर काकवी ओतली, तर आकडा एक किलो चारशेच्या घरात! तूप मात्र नऊशेच्या पुढं जेमतेम सरकलं.

"अगंबाई! म्हणजे गोड जास्ती, मोहन कमी. करपणार न्हाई तर काय?"

"सारखं दिसलं तरी वजन निराळं. माणसाचं बी तसंच..."

"आता मला तोलायलाव का?"

"न्हाई... मीच हलका व्हायलोय."

कानाच्या पाळ्या तापल्या तिच्या. पण हात थांबले नाहीत. काकवी पाऊण मापाहून कमी घेतली. तूप मापभर घेऊन वर अजून घातलं. काट्यावर दोन्ही किलो-किलो भरलं. मंडपात पखवाज बोलू लागला, कढईत शंकरपाळी फुलू लागली.

तात्यारावांनी एक उचलली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. मग मंडपाकडं वळून त्यांनी हाक दिली,

"बन्सीधर! पोरीनं तुला मागं टाकलं रे! काल्याचा प्रसाद हीच करणार!"

दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं, हंडी फुटली, प्रसाद हातोहात गेला. खुसखुशीत! म्हाताऱ्या परत परत पदर पसरत होत्या. गर्दीतून वाट काढत जीवन तिच्यापाशी आला.

"राजेश्री... तुमच्या घरी विचारायला कुणाला आणू? आईला... का मामाला?"

"काय विचारायला?"

"कळतंय तुमाला..."

"मग कुणाला कशाला आणायचं?" तिनं त्याची बाही धरली अन् भरल्या मंडपात त्याला वडिलांपुढं नेऊन उभं केलं. "बाबा, हे जीवन. मला हेच पसंत हायत."

बन्सीधरांनी पोरीकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं... अन् सतरंजीवर बाजूला सरकून जागा केली.

"बसा की जावईबापू. उभे का?"

आणि गावानं असा काही 'पुंडलिक वरदे' ठोकला, की देवळाच्या शिखरावरची पारवं आभाळभर झाली.