वरच्या मजल्यावरून येणारी शांतता

नगरपालिकेच्या ध्वनिनियंत्रण विभागात एक निरीक्षक होता. लोकांचे आवाज कमी करायची त्याची नोकरी, आणि स्वतःचा आवाज असा की फोनवर बोलायला लागला की पलीकडचा माणूस फोन हातभर लांब धरायचा आणि त्या माणसाचा शेजारी 'हो, हो' म्हणायचा. गावात त्याला भोंगासाहेब म्हणत. तोंडावर साहेब, पाठीमागे नुसताच भोंगा. आपणही पाठीमागेच बोलतोय, तेव्हा भोंगाच म्हणू.

तर भोंग्याचं दिवसाचं बोलणं एक वेळ सोसलं असतं, रात्रीचं घोरणं सोसण्यापलीकडचं होतं. आधी लांबून ट्रक घाट चढत यावा तशी घरघर. मग करवत. मग शेवटाला एक बारीक शीळ, आणि शिळेनंतर एकदम काहीच नाही. त्या 'काहीच नाही'त बायकोचा जीव टांगणीला लागायचा. ती कोपर मारायची, "अहो, कुशीवर व्हा!" तो "हं" करून वळायचा, खाट कुरकुरायची, आणि ट्रक पुन्हा घाटाच्या पायथ्याशी. संसाराची सगळी वर्षं हे असंच चाललेलं.

पण अलीकडे बायकोनं त्याची खाट गॅलरीत काढली होती. तरी भिंतीतून ट्रक यायचाच. शेवटी तिनं बॅग भरून दाराशी ठेवली आणि सांगितलं, "या रविवारी मी बहिणीकडे चालले. गावाला नोटिसा देत फिरता ना? ही माझी नोटीस समजा."

भोंगा गॅलरीतल्या डासांनी आणि या नोटिशीनं अगदी हैराण झाला होता. अशात एका दुपारी ऑफिसात फोन वाजला.

"साहेब, मी शिंपीण बोलतेय. दुसरा मजला, तीन मशीनवाली."

"पुन्हा दहानंतर चालवल्यात का, बाई?"

"चालवल्या तरी कळणार कुणाला? आवाजच येत नाहीये."

"मग छान झालं की!"

"छान काय डोंबल! काल कात्री पडली तर पायाला लागल्यावर कळलं. साहेब, वरच्या बंद घरातून शांतता खाली येतेय. आधी छताशी होती, आता मशीनपर्यंत उतरलीय."

भोंग्यानं हसू दाबलं. "बाई, नियमात आवाजाला वरची मर्यादा आहे, खालची नाही. शांततेची तक्रार घेऊ कशात?"

"कशातही घ्या, पण या. माझ्याविरुद्ध कुणी बोललं की पळत येता, तेव्हा बरे पाय असतात तुम्हाला!"

भोंगा आवाज मोजायचा मीटर घेऊन गेला. दुसऱ्या मजल्यावर शिंपिणीच्या खोलीत शिरला आणि दारातच थबकला. मशीन चालू होती. सुई वरखाली नाचत होती, कापड सरकत होतं, शिंपीणबाई त्याच्याकडे बघून तोंड हलवत होत्या, आणि खोलीत मात्र कापूस कोंबल्यासारखं झालं होतं. बोलायला दोघांना जिन्यात यावं लागलं.

"पटलं?" शिंपीण म्हणाली.

"वर कोण राहायचं?"

"काकू. एकट्याच. नवरा गेल्यापासून त्यांना घरातली शांतता सोसवायची नाही. म्हणायच्या, 'ह्यांच्या घोरण्यावर आयुष्यभर झोपले गं, आता डोळ्याला डोळा लागत नाही.' मी रात्री मशीन चालवली की खालून घरघर जायची, तेव्हा कुठे त्यांना झोप यायची. सगळ्या बिल्डिंगमध्ये माझ्या मशीनवर खूश असलेलं तेवढं एकच माणूस! मग तुमची नोटीस आली. रात्री दहानंतर मशीन बंद." ती पदराशी चाळा करत थांबली. "थंडीत गेल्या बिचाऱ्या. जागरणानं."

"जागरणानं कोणी जात नाही," भोंगा म्हणाला. पण हळू म्हणाला. म्हणजे तळमजल्यावर ऐकू गेलं, रस्त्यावर नाही.

घर विकायला काढलेलं, म्हणून काकूंच्या पुतण्यानं किल्ली शिंपिणीकडेच ठेवली होती. ती घेऊन भोंगा एकटाच वर चढला. शिंपीण म्हणाली, तिनं खाली दूध तापत ठेवलंय. दूध वगैरे काही नव्हतं.

जिन्यात मीटरवर बासष्ट डेसिबल होते. दार उघडून उंबऱ्यात उभा राहिला तेव्हा चाळीस. आतल्या खोलीत गेला तेव्हा अठरा, आणि मग आकडे जाऊन नुसत्या रेघा आल्या. मीटरनं हात टेकले. भोंग्यानं टाळी वाजवली. तळहात चुरचुरले, टाळी वाजली नाही. मग त्यानं पोटातून जोर लावून हाक मारली, "कोण आहे?"

गळा थरथरला आणि बाहेर काहीच पडलं नाही. जन्मात पहिल्यांदा भोंग्याला भोंगा ऐकू आला नाही.

खोली रिकामी होती. भर दुपार असून खिडकीतलं ऊन काचेशीच घुटमळत होतं. बंद घराचा, धुळीचा वास… आणि त्यात, कुठून कोण जाणे, नुकत्याच झटकलेल्या अंथरुणाचा वास. फरशीवर खाटेच्या चार पायांचे चार फिकट डाग तेवढे उरले होते.

आता कोणीही शहाणा माणूस इथून पळाला असता. भोंगाही पळणार होता. पण कित्येक रात्री डास मारण्यात गेलेल्या माणसाला अशी शांतता मिळाली की त्याचे पाय काय सांगतात आणि डोळे काय सांगतात याचा मेळ बसत नाही. क्षणभर टेकावं म्हणून तो त्या चार डागांच्या मधोमध बसला. मग आडवा झाला. डोळा लागता लागता त्याला वाटलं, कोणीतरी अंगावरचं पांघरूण सारखं केलं. पांघरूण नव्हतंच, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

जाग आली ती खालच्या तिन्ही मशीनच्या खडखडाटानं. रस्त्यावरचे हॉर्न, कुणाचं तरी भांडण, सगळं जागच्या जागी होतं. कुलूप लावून तो खाली आला तर शिंपिणीनं हातच जोडले. "काय केलंत हो साहेब?"

"कायद्याचा धाक," भोंगा म्हणाला आणि ताठ मानेनं निघून गेला.

त्या रात्री तो घोरला नाही. ट्रक नाही, करवत नाही, शीळ नाही. सकाळी बायकोनं हसत हसत बॅगेतल्या साड्या परत कपाटात लावल्या आणि खाट गॅलरीतून आत आणली. भोंगा घरभर विजयी वीरासारखा फिरला.

त्याच्या पुढच्या सकाळी मात्र चहा देताना तिचे डोळे लालबुंद होते.

"काय झालं?"

"झोपले नाही. इतकी शांतता सवयीची नाही ना मला. म्हणून तुमच्या नाकाखाली बोट धरलं. काही कळेना. मग छातीला कान लावला."

"मग?"

"काही नाही." तिनं कप खाली ठेवला. "धडधडसुद्धा नाही, अहो… मी गदागदा हलवलं तेव्हा सुरू झाली."

"कान नीट लावला नसशील."

"दोन्ही लावले!"

भोंगा हसायला गेला, पण हसू अर्ध्यातच बसलं.

"उद्या हलवलं आणि सुरू झाली नाही, तर मी काय करू?" ती म्हणाली. "मला असं झोपेत कुठेतरी निघून जाणारं माणूस नको. मला आपलं ते मेलं घोरणं परत पाहिजे. कुठे ठेवून आलात ते आठवा."

तेवढ्यात फोन वाजला. शिंपीणच होती.

"साहेब, आता वरून कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज येतोय! तुम्ही येऊन गेलात तेव्हापासून दिवसरात्र. माझी मशीन त्याच्यापुढे लाजते. आणि कुलूप तर बाहेरून तसंच आहे…"

भोंग्यानं मीटर घेतला. बायकोनं चप्पल घातली.

"तू कशाला?"

"ओळखायला नको का कुणीतरी?"

अकराच्या सुमाराला तिघंही तिसऱ्या मजल्याच्या बंद दारासमोर उभे होते. खाली भाजीवाला ओरडत होता, जिन्यात ऊन होतं. भ्यायला अजिबात सोयीची नसलेली वेळ. दाराआडून घरघर येत होती, लांबून घाट चढत येणारी. मग करवत. मग शीळ.

"तुमचंच," बायको म्हणाली. कोर्टात साक्ष द्यावी तसं.

"वहिनी, खात्री आहे?" शिंपिणीनं कुजबुजत विचारलं.

"अहो, शिळेच्या शेवटाला ती गिरकी आहे ना? त्या गिरकीनं माझं अर्धं आयुष्य खाल्लंय."

भोंग्यानं मीटर धरला. एकाहत्तर. "दिवसाची मर्यादा पंचावन्न," तो म्हणाला. हाताला घाम सुटला तरी त्याची नोकरी सुटेना. "नियमानं आवाजाचं साधन जप्त करता येतं."

"साधन इथे उभं आहे माझ्याशेजारी," बायको म्हणाली. "आवाज तेवढा जप्त करा, आणि घरी चला."

शिंपिणीनं किल्ली फिरवली. कुलूप निघालं. तिनं दार ढकललं, भोंग्यानं खांदा लावला. दार तसूभरही हललं नाही.

"आतून कडी आहे…" शिंपीण म्हणाली आणि दोन पायऱ्या खाली उतरली.

आत शीळ झाली, गिरकी झाली, आणि एकदम काहीच नाही.

मीटरवरचे आकडे पडत गेले. पन्नास… चाळीस… तीस… भाजीवालाही कुठे गेला कोण जाणे. भोंग्याला वाटलं, आपल्या छातीत काहीतरी चालता चालता थांबून, मागं वळून बघतंय. इतक्या वर्षांची सवय. बायकोचं कोपर आपोआप उचललं गेलं. ते भोंग्याच्या बरगडीला लागायच्या आधीच…

आत धप् असं झालं. कोपर बसल्यासारखं.

"अहो, कुशीवर व्हा," दाराआडून एक झोपाळलेला, म्हातारा, अगदी सुखी आवाज म्हणाला.

"हं."

खाट कुरकुरली. त्या खोलीत खाट नव्हती. आणि घोरणं पुन्हा सुरू झालं, पण आता मऊ, दबकं, शेजारच्याला झोप यावी असं. भोंग्यानं सवयीनं मीटरकडे पाहिलं. चोपन्न. नियमात बसत होतं. त्याला काही करता येणार नव्हतं.

मागे जिन्यात शिंपिणीच्या हातातून किल्ली पडली आणि खणखणत खालपर्यंत गेली.

"काकू…" ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.

बायकोचं कोपर अजून हवेतच होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण बायको ती बायकोच. "अहो," ती दबक्या आवाजात म्हणाली, "आत ही कोण झोपलीय तुमच्याजवळ?"

घोरणं थांबलं.

"बाहेर कोणी आलंय का हो?" म्हातारा आवाज म्हणाला.

भोंग्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं, कारण उत्तर आधीच आतून आलं होतं. जाडाभरडा, झोपेनं जड झालेला तो आवाज कुणाचा, हे ओळखायला बायकोला मीटर लागला नाही.

"कोणी नाही गं," आतला भोंगा म्हणाला. "झोप तू."