सरदार भडकोजीचे शिरस्त्राण

"कपाटाची काच फोडू या!" ललित म्हणाला.

"आणि पकडले गेलो तर?" हितेंद्रने विचारले.

"तर पळू या!"

"कोणी काही फोडणार नाही आणि कोणी पळणारही नाही," मयुरी हातातल्या पुस्तिकेवरून नजर न उचलता म्हणाली. "चोरून आणलं तर खापर घरी येईल, पण जगाच्या लेखी ते सरदाराचंच राहील. मला ते सरांच्या तोंडून परत हवं आहे. सगळ्यांच्या देखत!"

तिचा आवाज इतका थंड होता, की ललितने हातातला दगड गुपचूप खाली ठेवला.

दीपनगरची मयुरी सुट्टीसाठी पारोळ्याला सुमनआत्याकडे आली होती. ललित हा आत्याचा मुलगा आणि हितेंद्र त्याचा शेजारी. मयुरी येण्याच्या आदल्याच आठवड्यात जीवराम सर आत्याचे पोळ्या भाजायचे मातीचे खापर 'फोटोसाठी दोन दिवस' म्हणून घेऊन गेले होते आणि ते वाचनालयातल्या काचेच्या कपाटात जाऊन बसले होते. सर गावातल्या वस्तुसंशोधन मंडळाचे संस्थापक, चिटणीस आणि एकमेव संशोधक. चाळणी हा प्राचीन नक्षत्रांचा नकाशा असल्याचे आणि फुंकणी ही राजदूतांची मुकी बासरी असल्याचे त्यांनी यापूर्वीच सिद्ध केले होते. त्या दोन शोधांनी कोणाचे काही बिघडले नव्हते, म्हणून गाव हसून गप्प बसले. गावाची चूक झाली ती तिथेच!

आता नवी पुस्तिका निघाली होती. तिच्यानुसार आत्याचे खापर हे खापर नसून सरदार भडकोजी याचे रणांगणावरील शिरस्त्राण होते. पुरावे तीन. एक, त्यावरची काजळी हा तोफांचा धूर होय. दोन, काठाची चीर हा तलवारीचा घाव होय. तीन, या शिरस्त्राणाचा उल्लेख कोणत्याही ग्रंथात आढळत नाही, आणि 'एवढे मौन योगायोगाने पाळले जात नाही!'

"ती चीर माझी आहे!" ललित संतापून म्हणाला. "चार वर्षांचा असताना मी चेंडू मारला होता!"

आत्या ओट्यावर गहू निवडत होत्या.

"आत्या, तुम्ही सरांना सांगितलं नाही का?" मयुरीने विचारले.

"सांगं ना! दोनदा गयू. म्हनतस, 'सुमनबाई, तुम्ही रोज वापरता, म्हणून तुम्हाला दिसत नाही.'" आत्यांनी सुपातला एक खडा वेचून दूर फेकला. "मन्हं खापर शे, अनि मालेच दिसत नही!"

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर आली होती. ललितची बहीण कामिनी लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला माहेरी यायची होती. तिच्यासाठी मांडे व्हायचे होते. कोपरापर्यंत हातांवर पसरत नेलेली, चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकायची ती पुरणपोळी. नव्या खापरावर मांडा चिकटतो, फाटतो. हे खापर अकरा वर्षांच्या आचेने मुरलेले होते. बाजारात खापरे मिळत होती. अकरा वर्षे मिळत नव्हती.

मयुरीने पुस्तिका उलटली आणि मलपृष्ठावर तिची नजर थांबली. तिथे मंडळाचे नियम छापले होते.

"हितेंद्र, हे मोठ्याने वाच."

"नियम सात: वस्तुधारकाची साक्ष ग्राह्य धरली जाणार नाही; कारण रोजच्या वापराने त्याची दृष्टी दूषित झालेली असते. नियम आठ: जी वस्तू भर सभेत तीन पुराव्यांनी सिद्ध होईल, ती तत्क्षणी मंडळाच्या कपाटात जमा करावी."

"उद्या मंडळाची सभा आहे ना?" मयुरी प्रथमच हसली. ते हसू काही फारसे प्रेमळ नव्हते. "मला कागद दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सभेचे अध्यक्ष झुलालआबा यांच्याकडे गेली. "आबा, सभेत मुलांना एक निबंध वाचू द्याल?" आबा वर्तमानपत्रात बुडालेले होते. "वाचा, वाचा!" ते म्हणाले. कशावरचा निबंध, हे विचारण्याचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत.

संध्याकाळी पाच वाजता वाचनालयाचे दालन भरले. जीवराम सरांनी कपाट उघडले, खापर बाहेर काढले आणि व्याख्यानाच्या ऐन रंगात ते स्वतःच्या डोक्यावर चढवले!

"पाहा! असा दिसत असेल भडकोजी!"

टाळ्या पडल्या. सरांनी खापर मेजावर ठेवले, तेव्हा त्यांच्या कपाळावर काजळीचे काळेभोर कडे उमटलेले होते. ते त्यांना कोणी सांगितले नाही.

मग मयुरी उठली. "सर, आमच्या निबंधाची वस्तू आपल्याकडेच आहे. क्षणभर आपला चष्मा देता?"

"नवी पिढी!" सर गहिवरले आणि चष्मा काढून दिला. हितेंद्रने तो पंचा अंथरलेल्या ताटात ठेवून सभेत फिरवला.

"विद्वज्जनहो," मयुरीने वाचायला सुरुवात केली, "अज्ञजन जिला चष्मा म्हणतात, ती वस्तुतः सरदार भडकोजीच्या हेरखात्याची जोडखिडकी होय. पुरावा पहिला: काचांवर तेलकट ठसे आहेत. हेर सदैव घाईत असत. जेवून हात धुण्यास त्यांना सवड नसे. पुरावा दुसरा: डावी दांडी वाकलेली आहे. हेर घोड्यावरून पडला, हे निःसंशय! पुरावा तिसरा: या जोडखिडकीबद्दल कोणत्याही ग्रंथात एक अक्षरही नाही. एवढे मौन योगायोगाने पाळले जात नाही!"

मागच्या रांगेतून पहिला खदखदाट फुटला.

"तीन पुरावे झाले. नियम आठ!" हितेंद्र ओरडला. ललितने ताटातला चष्मा उचलून कपाटात ठेवला, किल्ली फिरवली आणि ती झुलालआबांच्या हातात दिली.

"अरे, हा काय पोरखेळ!" जीवराम सर डोळे बारीक करून धडपडत उठले. "गेल्या वर्षी मी धुळ्याहून करून आणलाय तो! मी त्यानं वाचतो!"

"नियम सात, सर," मयुरी शांतपणे म्हणाली. "आपण वस्तुधारक आहात. आपण रोज वापरता, म्हणून आपल्याला दिसत नाही."

आता सगळे दालन हसत होते. दारापाशी उभ्या असलेल्या सुमनआत्या मात्र हसत नव्हत्या. त्या सरांकडे एकटक पाहत होत्या.

"आबा, चष्मा म्हणजे चष्माच ना!" सर काकुळतीला आले.

झुलालआबांनी किल्ली मुठीत घट्ट धरली. सभेत झोप न लागण्याची ही त्यांची कित्येक वर्षांतली पहिलीच वेळ होती. "आणि खापर म्हणजे, सर?"

सरांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. चष्म्याशिवाय त्यांना कुठेच काही दिसले नाही.

"खापर... म्हणजे खापर," ते पुटपुटले.

"मागे ऐकू आलं नाही!" मयुरी म्हणाली.

"खापर म्हणजे खापर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ललितने धावत जाऊन खापर उचलले आणि आईच्या हातात दिले. आत्यांनी काठावरून बोट फिरवले, चीर चाचपली आणि पदराने सरांच्या डोक्याचे तेल पुसून काढले.

"पोरांनो, आम्ही म्हातारे टाळ्या वाजवत बसलो आणि काम तुम्ही केलंत. शाब्बास!" असे म्हणून आबा किल्ली कुलपाला लावू लागले.

"थांबा आबा," मयुरी म्हणाली. "पुस्तिका छापली गेली आहे, वाटली गेली आहे. दुरुस्तीसुद्धा छापली जायला हवी. ती सरांनी लिहावी, सुमनआत्या सांगतील तशी. चष्मा तेवढ्यासाठीच मिळेल."

आबांनी किल्ली पुन्हा खिशात टाकली. "सर," ते म्हणाले, "आखाजीला सकाळी सुमनबाईंच्या अंगणात या."

आखाजीच्या सकाळी अंगणात चूल धडधडत होती. कामिनी पाटावर बसून पहिल्या मांड्याची वाट पाहत होती. जीवराम सर चुलीच्या धुराच्या बाजूला बसले होते. ती जागा मयुरीने निवडली होती. परत मिळालेल्या चष्म्याआडून पाणी वाहत होते, मांडीवर दुरुस्तीची वही होती आणि समोर सुमनआत्या हातांवर कोपरापर्यंत मांडा पसरवत सांगत होत्या. कणीक किती वेळ मळायची, ती कितपत सैल हवी, आच कुठून लावायची, मांडा कोणत्या क्षणी सुटतो. सर मधे थांबले, की त्याही थांबत आणि पुन्हा सांगत. मांडा खापरावर पडला, फुगला आणि कुठेही न फाटता सुटून आला.

तीन पाने भरली. सरांनी सुस्कारा टाकून पेनाला टोपण लावले.

"अजून व्हयनं नही, सर," आत्या भरलेल्या तिन्ही पानांकडे बोट करून म्हणाल्या. "हाई बठ्ठं कोन सांगं ते ऱ्हायनं. खाले मन्हं नाव लिखा."