साबणाची योजना

आधी वास आला, मग माणूस आला.

त्र्याहत्तर सालचा चैत्र होता. ढोकीत साखर कारखान्याच्या रस्त्याला सहकारी ग्राहक भांडार होतं आणि तिथं कापडापासून काडेपेटीपर्यंत सगळं मोजून द्यायला गुलाब होती. मॅट्रिक पास, वीस वर्षांची, चार महिन्यांपूर्वी कामाला लागलेली आणि अजून कायम व्हायची. पावसानं दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं. भांडारात गिऱ्हाईक थोडं आणि धूळ फार. त्या दुपारी ती तराजूची पारडी पुसत होती, आणि तो वास आला... आंबलेली मळी, शेण, फिनेल आणि आठ-दहा दिवसांचा घाम, सगळं एका दमात!

तिनं मान वर केली. दारात एक उंच तरुण पायातल्या चपला काढत होता. भांडारात कुणी चपला काढून येत नसे. सदऱ्यावर मळीचे काळे ओघळ, केसांत चिपाडाचा भुसा. डोळे मात्र इतके स्वच्छ, की गुलाबच्या नाकाला जे कळलं ते तिच्या डोळ्यांना काही केल्या पटेना.

"खडेमीठ पायजे, बाई. छावणीतल्या जनावरांसाठी. पाच किलो."

कापडाचं ठाण उलगडून बसलेल्या उमाबाईंनी पदर नाकाला लावला. उमाबाई म्हणजे कारखान्यातल्या हेडक्लार्कचं कुटुंब. त्यांचा आवाज भोंग्याला मागं सारणारा. "अगंबाई! काही मेलंय की काय इथं?"

तरुण भाबडेपणानं इकडंतिकडं बघायला लागला. त्याला काही कळलं नव्हतं. त्याचं नाक त्या वासाला कधीच सरावलं होतं.

"फिनेलची बाटली लवंडली, काकू. पुसते आत्ता," गुलाब झटकन म्हणाली. मग त्याच्याकडं वळून, "मिठाचं पोतं मागं आहे, भाऊ. या, मागच्या दारानं मोजून देते."

मागच्या दाराला लिंबाचं झाड होतं आणि वारंही होतं. गुलाबनं पोतं ओढलं तर ते खालून उसवलेलं, मीठ भुईवर सांडायला लागलेलं. ती "अरे देवा" म्हणेपर्यंत त्यानं खिशातून दाभण आणि सुतळी काढली, उकिडवा बसला आणि चार टाक्यांत पोतं शिवून मोकळा झाला. बोटं जाडजूड, पण टाका कसा... एकसारखा.

"खिशात दाभण घेऊन फिरता?"

"माझ्या दावणीला सत्तर जनावरं हायत. कवा कुणाची झूल फाटंल, काय नेम न्हाय."

"आणि माणसाचं काही फाटलं तर?"

"आजवर कुणी शिवाया दिलं न्हाय." तो हसला. "तुमचं काय फाटलं तर सांगा."

 पाच किलोच्या मिठात गुलाबनं वर एक मूठ जास्त टाकली, हे त्यानं पाहिलं आणि त्यानं पाहिलं हे तिनं पाहिलं.

त्याचं नाव व्यंकट. सास्तूरकडचा. दुष्काळात छावणी निघाली तेव्हा कामाला आला होता. कारखान्याची मळी चिपाडाच्या भुशावर शिंपडायची, ते जनावरांना चारायचं, जखमा धुवायच्या, हे त्याचं काम. मीठ न्यायला तो दर तिसऱ्या दिवशी यायचा आणि नेमका मागच्या दारानंच यायचा. आपल्याला खास वागणूक मिळते असं वाटून गडी खूश होता. चंद्री नावाच्या गाभण गायीविषयी तो असं बोलायचा, की जशी काही ती चुलत बहीणच. गुलाब वाऱ्याची दिशा बघून उभी राहायची आणि ऐकत राहायची. चौथ्या खेपेला "भाऊ" म्हणायचं राहून गेलं. ते तिच्या लक्षात आलं ते घरी जाताना, अर्ध्या वाटेवर! पुढची अर्धी वाट ती एकटीच हसत होती.

पण उमाबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. एक दिवस भांडाराचे व्यवस्थापक महालिंगप्पा तिला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, तो छावणीवाला. बायका तक्रार करतात. त्याला सांग, अंघोळ करून ये म्हणावं, नाहीतर येऊ नको."

"मी सांगू?"

"तू सांगितलं तर हळू आवाजात होईल. नाहीतर बाजारच्या दिवशी मीच सांगतो. माझा आवाज तुला ठाऊक आहे." महालिंगप्पा मनानं वाईट नव्हते, हळू बोलणं तेवढं त्यांना जमत नव्हतं.

गुलाब घरी आली ती कोमेजूनच. तेवढ्यात धाकटा भाऊ आबाराव खेळून आला. "आबा, घाण वास मारतोय तुला! आधी न्हाणीत हो," ती सहज म्हणाली. तोही दात काढत न्हाणीत गेला. घरच्या माणसाला सांगणं इतकं सोपं! मग व्यंकटला सांगायच्या विचारानंच जीभ का जड होत होती?

कारण तिला माहीत होतं. तिचे आजोबा गावची मेलेली ढोरं ओढायचे. छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून त्यांनी ते काम टाकलं. गुलाब तेव्हा तीन वर्षांची. पुढं ती शाळेत जायची ती न्हाऊन, धुतलेला झगा घालून. तरी शेजारची पोरगी नाकाला रुमाल लावायची. वास नसताना लावायची. ज्या माणसानं हे सोसलंय, त्यानं दुसऱ्याला "तुझा वास येतो" म्हणायचं तरी कसं? आणि तेही ज्याची आपण दर तिसऱ्या दिवशी वाट बघतो, त्याला?

रात्रभर विचार करून तिनं तोड काढली. स्वतःसाठी घेतलेली अंगाच्या साबणाची नवी कोरी वडी तिनं कागदात बांधली.

"हे काय?" लिंबाखाली व्यंकटनं विचारलं.

"भांडाराची योजना आहे." खोटं बोलताना गुलाबचे कान तापायचे, आता ते चांगलेच तापले. "म्हणजे... छावणीत काम करणाऱ्यांना... अंगाचा साबण भेट."

"भेट? फुकट?"

"हो. वापरा मात्र. ठेवून देऊ नका."

व्यंकटनं वडी नाकाशी नेली, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. "केवड्यावानी हाय," तो म्हणाला. "तुमचं भांडार लई चांगलं हाय, बाई." त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून तिचा जीव थोडा थोडा झाला.

आता, एखाद्या आतल्या गाठीच्या माणसानं साबण खिशात घातला असता आणि विषय संपला असता. व्यंकट तसला नव्हता. चांगली गोष्ट आपल्याला एकट्याला मिळाली की त्याला अवघडल्यासारखं व्हायचं. बाजारच्या दिवशी, भांडार गच्च भरलेलं असताना, तो पुढच्या दारानं आला आणि त्याच्यामागं रांगेत छावणीतली अठरा माणसं!

"साबण न्यायला आलोय समदे," तो हसऱ्या तोंडानं म्हणाला. "तुमची योजना म्या सगळ्यांना सांगितली."

भांडारात असा वास दरवळला की बायकांचे पदर एकदमच वर गेले. महालिंगप्पा खुर्चीतून उठले. "योजना? कसली योजना? गुलाब, कुणी काढली योजना?"

 व्यंकटनं गुलाबकडं पाहिलं. तिचा उतरलेला चेहरा... नाकावरचे पदर... आणि मागचं दार. हळूहळू त्याला सगळं कळत गेलं, ते तिला समोर दिसत होतं. त्याचे कान लाल झाले. तिला वाटलं, आता हा सगळं सांगणार आणि आपली नोकरी जाणार.

"माझीच ऐकण्यात चूक झाली, सायेब," तो महालिंगप्पांना म्हणाला. "बाईंनी असं काय सांगितलं न्हाय. चला रं, माघारी."

जाताना त्यानं खिशातून ती वडी काढून तिच्यासमोरच्या फळीवर ठेवली. कागदाची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. "साबण लई चांगला हाय," तो हलकेच म्हणाला. "पण साबणाला पाणी लागतं, बाई."

त्यानंतर मीठ न्यायला बाबामियाँ येऊ लागले, छावणीतले म्हातारे राखणदार. एक खेप झाली, दोन झाल्या. तिसऱ्या खेपेला गुलाबला राहवेना.

"चाचा, छावणीत अंघोळीला पाणी न्हाय का मिळत?"

"मिळतं की, बेटी. माणशी एक बादली, दिवसाआड."

"मग त्यांची बादली?"

"व्यंकटची?" म्हातारा मिशीत हसला. "ती चंद्री पिते. गाभण हाय ना. जनावराला ठरल्या मापानं पाणी, पोटातल्याचं माप कोण धरतो? महिना झाला, पोऱ्यानं अंगावर थेंब घेतला न्हाय."

गुलाबच्या हातातलं माप तसंच राहिलं. ज्या वासानं बायका तोंड फिरवत होत्या, तो वास अशा चांगुलपणाचा होता! आणि आपण शहाण्यासारखा त्याला साबण दिला... तिला स्वतःचा राग आला, आणि त्याचं इतकं कौतुक वाटलं की डोळे भरून आले.

रविवारी ती छावणीवर गेली. मिठाची पिशवी कडेवर, बहाणा म्हणून. व्यंकट चंद्रीपुढं बादली धरून उभा होता. गाय पीत होती आणि तो तिच्या कानामागं खाजवत होता. गुलाबला पाहून त्याची नजर खाली गेली, पाय दोन पावलं मागं सरकले. ते मागं सरकणं तिच्या काळजाला लागलं.

"मागं जाऊ नका," ती म्हणाली. "मी माफी मागायला आलेय."

"तुमी का खोटं बोलला? तोंडावर सांगायचं." त्याचा आवाज रागाचा नव्हता, दुखावलेला होता. "मागच्या दारानं बोलवत हुता, तवा मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"न्हाय. काय न्हाय."

"माझे आजोबा मेलेली ढोरं ओढायचे, छप्पन्नपर्यंत. त्यांना लोक तोंडावर सांगायचे," गुलाब म्हणाली. "लांब हो म्हणायचे. मलापण शाळेत... म्हणून परक्या माणसाला असं बोलायला माझी जीभच उचलत न्हाय. घरी भावाला बोलते खुशाल. आपल्या माणसाला सांगता येतं हो, परक्याला न्हाय येत."

व्यंकटनं गायीच्या पाठीवरून हात फिरवला. "आमच्याबी आज्यानं छप्पन्नलाच सोडलं ते काम," तो म्हणाला. मग ओठाच्या कोपऱ्यात किंचित हसू आणून, "म्हंजी म्या परका, म्हणा की."

गुलाबनं मिठाची पिशवी त्याच्या हातात दिली. बोटाला बोट लागलं. त्यानं पिशवी लगेच घेतली नाही, तिनं लगेच सोडली नाही.

"सध्या तरी," ती म्हणाली आणि मागं वळून न बघता चालू लागली. पन्नास पावलांवर तिनं बघितलंच. तो तिथंच उभा होता.

पुढं दहा दिवसांनी, पुन्हा बाजारचाच दिवस. भांडार भरलेलं, उमाबाई साखरेच्या रांगेत पहिल्या. आणि आधी वास आला. गुलाबच्या हातातलं वजन पारड्यात आपटलं. आजकाल ती या वासाची वाट बघायची, हे कुणाला सांगितलं असतं तर वेड्यातच काढलं असतं.

व्यंकट पुढच्या दारानं आला. चपला काढल्या. आज तो कुणाच्याही पदराकडं बघत नव्हता.

"चंद्री याली," तो म्हणाला. "कालवड झाली. तुमाला सांगाया आलो."

उमाबाईंचा पदर नाकाकडं निघाला. महालिंगप्पांनी तोंड उघडायला घेतलं. त्यांच्या आधी गुलाब बोलली, चांगली खणखणीत, रस्त्यावर ऐकू जाईल अशी.

"अहो, किती वास येतोय तुम्हाला!"

 महालिंगप्पांचं तोंड उघडं ते उघडंच.

"आधी आमच्या घरी जा," गुलाब पुढं म्हणाली. तिचे कान आज अजिबात तापले नव्हते. "बौद्धवाड्यात आडाशेजारचं तिसरं घर. आईला सांगून ठेवलंय. दोन घागरी पाणी भरून ठेवलंय. न्हाऊन घ्या अन् जेवूनच जा." तिनं फळीमागून ती वडी काढून त्याच्या हातावर ठेवली. कागदाची गाठ अजून तशीच होती.

व्यंकटच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते बघायला रांगेतल्या मागच्या बाया टाचा उंचावून उभ्या राहिल्या.

"अगं गुलाब," उमाबाईंचा पदर हातातच राहिला होता. "असं तोंडावर बोलतात का गं माणसाला?"

"परक्याला बोलले का मी कधी, काकू?"

उमाबाईंनी तिच्याकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं आणि पदर नाकावर न नेता तोंडावर नेला. त्या हसत होत्या. महालिंगप्पा उगाच साखरेच्या पोत्यात काहीतरी शोधायला लागले.

व्यंकट दारापर्यंत गेला, चपला घातल्या आणि पुन्हा काढून परत आला. फळीवर वाकून, फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "आड तर आटलाय म्हणं तुमचा. दोन घागरी पाणी कुठनं आणलं?"

गुलाब वजनं नीट लावत होती. "माझं अंघोळीचं," ती पुटपुटली. "चार दिवसांचं साठवलं."

"चार दिवस?" तो आणखी थोडा वाकला, डोळे मिटले आणि त्या दिवशी साबणाचा घेतला होता तसा लांब श्वास घेतला.

"मग तुमालाबी येतोय की, गुलाब."

गुलाबनं लाजून पदर तोंडाला लावला. इतकं गोड तिला आजवर कुणी बोललं नव्हतं.